वनस्पती तूप, आळस आणि सेन्सेक्स

खानदेशातलं अमळनेर मराठी माणसाला साने गुरुजींमुळे ठाऊक असतं. गुरुजी तिथल्या शाळेत शिकवायचे. शेअर बाजारातल्या माणसाला मात्र तेच गाव तुपामुळे ठाऊक असतं, आणि तेही साजूक नव्हे, वनस्पती. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तिथे एक कंपनी काढली. वनस्पती तूप बनवायचं आणि तेल काढताना जे उरेल त्यातून ‘787’ नावाचा कपडे धुण्याचा साबण करायचा, असा सरळसाधा धंदा. नाव मात्र लांबलचक : वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. 1966 साली प्रेमजी वारले, तेव्हा अमेरिकेत शिकत असलेला त्यांचा 21 वर्षांचा मुलगा, अझीम, परत आला आणि कारखान्यात बसला. पुढे जुन्या नावातली अक्षरं गोळा करून कंपनी झाली ‘विप्रो’ आणि कम्प्युटरच्या धंद्यात शिरली.

अमळनेरात या तुपाच्या कंपनीचे शेअर बऱ्याच घरांत होते. शेतकरी, दुकानदार, नोकरदार, असेच लोक. ज्यांनी ते ठेवले, त्यांचे कोटी झाले. ही गोष्ट तुम्ही लग्नाच्या पंगतीत कधी ना कधी ऐकलेली असणार. ‘तेव्हा दहा हजार टाकले असते तर आज...’ इथून पुढचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढत जातो आणि जिलेबीचं ताट येईपर्यंत सगळी पंगत मनातल्या मनात अब्जाधीश झालेली असते.

मला या गोष्टीत कोटींपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचं कुतूहल आहे. त्या लोकांनी शेअर विकले का नाहीत? तुपाची कंपनी एक दिवस परदेशी बँकांची सॉफ्टवेअरं लिहील हे त्यांना कळलं होतं, असं म्हणणं म्हणजे जरा अतीच. माझा आपला अंदाज असा : कंपनी गावातली, वर्षातून एकदा लाभांशाचा चेक येतो, कागद ट्रंकेत रेशन कार्डाखाली सुखात आहे. विकायचा तर दलाल गाठा, ट्रान्सफरचा फॉर्म भरा, पोस्टाने पाठवा, सही जुळली नाही की तो परत येणार. कोण करतंय एवढी उठाठेव! थोडक्यात, त्यांना कंटाळ्याने श्रीमंत केलं.

हा कंटाळा आता बाजारातून नाहीसा झालाय. माझे मामा निवृत्त झाल्यापासून सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा फोन हातात घेतात आणि दुपारी साडेतीनला बंद होतो तेव्हा खाली ठेवतात. मधल्या वेळात मामी काय बोलली हे त्यांना सांगता येत नाही. एक बटण दाबलं की खरेदी, दुसरं दाबलं की विक्री. ज्या गोष्टीला पूर्वी तीन आठवडे लागत ती आता तीन सेकंदांत होते, आणि आपली बुद्धी काही त्या प्रमाणात वेगवान झालेली नाही.

पण आधी मुळातून बघू. शेअर म्हणजे काय? तुपाच्या कारखान्याचे समजा एक हजार सारखे हिस्से केले आणि त्यातला एक तुम्ही घेतला, तर तुम्ही त्या कारखान्याच्या हजाराव्या भागाचे मालक. नफ्याचा हजारावा भाग तुमचा, तोट्याचा फटकाही तेवढाच तुमचा. कंपनी नफ्यातला काही भाग वाटते, तो लाभांश. उरलेला धंद्यातच घालते, त्यातून नवी यंत्रं येतात, धंदा वाढतो आणि तुमचा हजारावा भाग अधिक मोलाचा होतो. कंपनी कधी एका शेअरचे दोन-चार करून देते, त्या बोनस आणि स्प्लिटची लोकांना फार भूल पडते. ‘एकाचे दोन झाले!’ पण एका भाकरीचे दोन तुकडे करा नाहीतर चार चतकोर करा, पोट तेवढंच भरणार. अमळनेरकरांकडे शेअरांची संख्या वाढत गेली हे खरं, पण ते श्रीमंत झाले ते भाकरीच परातीएवढी झाली म्हणून.

बाजारातला भाव म्हणजे मात्र या भाकरीचं वजन नव्हे. भाव म्हणजे शेवटचा सौदा ज्या किमतीला झाला ती किंमत, बस्स. ‘गुंतवणूकदारांचे दहा लाख कोटी बुडाले’ असा मथळा वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, ‘बुडाले म्हणजे गेले कुठे? कुणीतरी घेतलेच असतील ना?’ प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्या सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत आणि सगळे समजतात की प्रत्येकी एक कोटीला जाईल. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना मुलाकडे कॅनडाला जायची घाई आहे, ते ऐंशी लाखांना देऊन टाकतात. झालं! त्या संध्याकाळी उरलेल्या 39 जणांचे मिळून सात कोटी ऐंशी लाख ‘बुडाले’. कुणाच्या घरातली एक वीट हललेली नाही, कुणी पैसे उचलून नेलेले नाहीत. फक्त सगळ्यांच्या डोक्यातला आकडा बदलला. बाजारात हेच रोज, दर सेकंदाला चालतं. फरक एवढाच, की सोसायटीच्या गेटवर फ्लॅटचा भाव दाखवणारा लाल-हिरवा फलक नसतो, म्हणून आपण रात्री शांत झोपतो.

मग आळशी बसलं की झालं का? नाही. इथे पंगतीतल्या गोष्टीची दुसरी बाजू येते, जी सांगायला कुणाला आवडत नाही. तेल, कापूस, साबण, सूत, कागद यांच्या कंपन्या त्या काळात महाराष्ट्रात काय कमी होत्या? त्यांचेही शेअर लोकांनी घेतले, त्यांचेही कागद ट्रंकेत ठेवले आणि त्यांच्याही मालकांनी तितकाच मन लावून आळस केला. त्यांची गोष्ट मात्र पंगतीत कुणी सांगत नाही. ज्याचा बैल शर्यत जिंकला त्याचीच मिरवणूक निघते.

सेन्सेक्सचंच उदाहरण घ्या. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या 30 मोठ्या कंपन्यांच्या बाजारातल्या एकूण किमतीवरून काढलेला आकडा. 1978-79 या वर्षाची पातळी 100 धरली आणि 1986च्या जानेवारीपासून तो मोजायला सुरुवात झाली. त्या पहिल्या 30 जणांत पद्मिनी गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, अँबॅसिडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स होती, बल्लारपूरची पेपर मिल होती. तेव्हा या कंपन्या बुडतील असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. रस्त्यावर दुसऱ्या गाड्या होत्याच किती? आज त्या यादीत त्या कुठेच नाहीत. आणि तरीही, तोच सेन्सेक्स 2024च्या सप्टेंबरात 85,000च्या वर गेला. शंभराचे पंचाऐंशी हजार. वर्षाला सरासरी साधारण 16 टक्क्यांची वाढ, लाभांश वेगळाच.

हे कसं झालं? कारण सेन्सेक्स ही मंडळाची क्रिकेट टीम आहे. म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूला बसवतात, नवा घेतात. तुम्ही एका खेळाडूवर सगळी इस्टेट लावली तर तो सचिन निघेल किंवा दुसऱ्याच मॅचला गुडघा मोडून घेईल. टीमवर लावली तर कुणाचाही गुडघा मोडो, टीम खेळतच राहते. म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून शेअर घेणारा फंड. त्यातला इंडेक्स फंड नावाचा जो असतो तो हेच करतो : निर्देशांकात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या यादीत, जेवढ्या कंपन्या, तेवढ्या त्याच प्रमाणात घेऊन ठेवायच्या आणि अक्कल चालवायची नाही. अक्कल न चालवण्याचे पैसेही कमी घेतो. सामान्य माणसाच्या आळसाला साजेसं एवढं उत्तम स्थळ दुसरं नाही, असं माझं मत आहे. (मी सल्लागार नाही, बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे माझी नोंदणी नाही, आणि माझं मत मामांनी एकदाही ऐकलेलं नाही.)

‘कमी पैसे घेतो’ यावर जरा थांबायला हवं, कारण भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारे आपण इथे हमखास फसतो. फंडाचं वार्षिक शुल्क एक टक्का कमी की जास्त, यात काय मोठंसं? एक लाख रुपये 25 वर्षं 12 टक्क्यांनी वाढले तर 17 लाख होतात. 11 टक्क्यांनी वाढले तर साडेतेरा. तो एक टक्का तुमचे साडेतीन लाख घेऊन गेला, आणि जाताना दारही वाजवलं नाही. 2013पासून प्रत्येक फंडाची ‘डायरेक्ट’ योजना असते, तिच्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. मध्यस्थ चांगला असेल, पडत्या काळात तुमचा हात धरून ठेवत असेल, तर त्याला जरूर द्या. पण देतोय हे माहीत असू द्या.

आता एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात टाकणं. हिच्याबद्दल इतकं बोललं गेलंय की ती एखादी देवी आहे असं वाटावं. ती फक्त एक सवय आहे. समजा तुम्ही ठरवलं, दर महिन्याला शंभर रुपयांचे कांदे घ्यायचे, भाव काही असो. पहिल्या महिन्यात 20 रुपये किलो, पाच किलो आले. दुसऱ्या महिन्यात भाव कोसळून 10, दहा किलो आले. तिसऱ्या महिन्यात 25, चारच किलो. तीनशे रुपयांत एकूण 19 किलो, म्हणजे किलोला पावणेसोळा रुपये पडले. तीन महिन्यांच्या भावाची सरासरी काढा, ती सवाअठरा येते. तुम्ही कुठलीही हुशारी केली नाही. स्वस्त होता तेव्हा आपोआप जास्त आला, महाग होता तेव्हा कमी. गंमत अशी, की कांदा पडला की आपण पिशवी घेऊन धावतो आणि शेअर बाजार पडला की एसआयपी बंद करायला धावतो.

आणि बाजार पडतो. चांगला आपटतो. 2008च्या जानेवारीत सेन्सेक्स 21,000ला शिवला होता, ऑक्टोबरमध्ये 8,000च्या खाली होता. त्या जानेवारीत मी ऑफिसातल्या एकाच्या टिपेवर एका बांधकाम कंपनीचा शेअर घेतला होता. टिप देणारा स्वतः आदल्या आठवड्यात विकून मोकळा झाला होता, हे मला दोन वर्षांनी कळलं. सेन्सेक्स 2010च्या लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताला पुन्हा 21,000वर आला. माझा शेअर अजून यायचाय. 2020च्या 23 मार्चला एका दिवसात 13 टक्के पडझड झाली, सगळा देश घरात, भांडी घासता घासता लोक पोर्टफोलिओ बघत होते. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर नवा उच्चांक.

इथे ‘बघा, धीर धरला की फळ मिळतंच’ असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते प्रामाणिक नाही. ज्याने 2008च्या जानेवारीत सगळी रक्कम एकरकमी टाकली आणि ज्याला ती नेमकी 2020च्या 23 मार्चला हवी होती, त्याला बारा वर्षांनी 21,000चे जेमतेम 26,000 दिसले. लाभांश धरूनही पोस्टाच्या मुदत ठेवीने त्याला वाकुल्या दाखवल्या असत्या. म्हणून पुढच्या वर्षीची मुलीची फी, फ्लॅटचा हप्ता, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, यांचे पैसे बाजारात नकोत. आळस परवडायला आधी घरात सहा महिन्यांचा किराणा हवा.

ते पैसे बँकेत. एफडीची मी चेष्टा करणार नाही. एफडीने आपल्या दोन पिढ्यांची लग्नं लावली आहेत. फक्त तिची शर्यत कुणाशी आहे ते बघा. 1995च्या सुमारास आमच्या कॉलेजबाहेर वडापाव दोन रुपयांना मिळायचा. आज त्याच गाडीवर वीसला आहे, आणि वडा लहान झालाय तो हिशेबात धरलेला नाही. तीस वर्षांत दहापट म्हणजे वर्षाला सुमारे आठ टक्के. एफडीवर सात टक्के मिळाले आणि त्यावर आयकर भरला, तर तुम्ही वडापावशी हरलात. पैसे वाढले, पण वडे कमी झाले.

बँकेबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या महाराष्ट्रात तरी प्रत्येकाला पाठ हव्यात. बँक अडचणीत आली तर एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. 2020च्या फेब्रुवारीपर्यंत ते एकच लाख होतं. एकाच बँकेच्या पाच शाखांत पाच एफडी केल्या तरी ते पाच लाखच. आणि हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. चौकातल्या पतसंस्थेचे चेअरमन गणपतीच्या आरतीला घरी येतात म्हणून ती बँक होत नाही.

शिकलेली माणसं चक्रवाढ व्याज शाळेत शिकतात आणि नेमकं गरजेच्या वेळी विसरतात. 72 ही संख्या लक्षात ठेवा. 72ला व्याजदराने भागा, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. सहा टक्क्यांना बारा वर्षं, बारा टक्क्यांना सहा. आता कुणी सांगितलं, ‘महिन्याला दहा टक्के, फिक्स’, तर तेच गणित पुढे न्या. महिन्याला दहा टक्के म्हणजे वर्षात एकाचे तीन. दहा वर्षांत एका लाखाचे नऊशे कोटींच्या वर. ज्याला ही विद्या येते, तो तुमच्या एक लाखासाठी तुमच्या सोफ्यावर बसून तुमच्याच घरचे पोहे का खात असेल? अशा योजनांत इमू आले, बकऱ्या आल्या, साग आला, हिरे आले, क्रिप्टो आलं. दर वेळी प्राणी बदलतो, गोठा तोच.

हे वेड काही आजचं नाही. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागला आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या पुढे गेला. 1865ला युद्ध संपलं आणि सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं खाली आलं. त्या सट्ट्याचे सम्राट प्रेमचंद रायचंद. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर विद्यापीठात अजून वेळ दाखवतो. दहा वर्षांनी, 1875 साली, दलालांनी मिळून आपली संस्था स्थापली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

आजचा कापूस म्हणजे ऑप्शन : पुढच्या तारखेला शेअर ठरलेल्या भावाने घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काचा सौदा. (हक्काऐवजी बंधन असलं की तो फ्युचर.) मामा हल्ली त्यात आहेत. सेबीने 2024मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला : फ्युचर-ऑप्शनमध्ये सौदे करणारे एक कोटीहून जास्त सामान्य लोक, त्यांतले 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. मी हा आकडा मामांना दाखवला. ते म्हणाले, ‘म्हणजे सात टक्के कमावतात की नाही?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामीकडे होतं, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

याउलट माझी आत्या. शिक्षिका होती. 2012 साली भाच्याने, म्हणजे मी, तिला एका साध्या इंडेक्स फंडात दरमहा तीन हजारांची एसआयपी काढून दिली. तिने पासवर्ड पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिला आणि ते पंचांग पुढच्या गुढीपाडव्याला रद्दीत गेलं. 2020च्या मार्चमध्ये तिला बाजार पडल्याचं कळलं, पण बघणार कशात? पासवर्ड नव्हता. लॉकडाउन उठल्यावर मी तिला नवा काढून दिला, तोवर सगळं भरून आलं होतं.

अर्थात आळसालाही कुठेतरी कुंपण हवं, आणि हे मला आजोबांच्या ट्रंकेने शिकवलं. मागच्या वर्षी वाड्यातली आवराआवर करताना त्यात शेअरचे चार कागद सापडले. घरात एकदम अमळनेर अवतरलं. मामांनी फोनवर भाव शोधायला घेतला. मी चौकशी केली तेव्हा कळलं की 2019च्या एप्रिलपासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, आधी डिमॅट करावे, म्हणजे कागदाऐवजी कम्प्युटरवरच्या खात्यात घ्यावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात आणि तिथून वारसांनी अर्ज करून सोडवायचे असतात. नॉमिनी नव्हता. वारस सहा, त्यातला एक न्यू जर्सीत, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. आजोबांची सही एका कागदावर मोडीसारखी, दुसऱ्यावर इंग्रजीत. आत्याने त्याच संध्याकाळी मला बोलावून आपल्या फंडात नॉमिनी भरून घेतला.

दोन महिने कागदपत्रं जमवल्यावर कंपनीचा पत्ता लागला. सोलापूरकडची सुताची गिरणी होती, कधीच बंद पडलेली. पण तेव्हाची छपाई काय सुरेख होती! चहूबाजूंनी वेलबुट्टी, वर गिरणीचं धुराडं आणि धुरासकट काढलेलं चित्र, खाली संचालकांच्या शाईतल्या सह्या. मामांनी एक कागद चौकट करून दिवाणखान्यात लावलाय. त्याच्याच खाली खुर्ची टाकून ते सव्वानऊला फोन उघडतात.